स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय

सड्यावरची
७ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, अर्ज लिहून कपाटात ठेवलाय. अजून दिलेला नाही. तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे शाळेचं वर्ष संपताना मोकळं व्हायचं तर जानेवारीत तो पुढे जायला हवा. त्याआधी इथे लिहावंसं वाटलं. घरात या विषयावर बोलून झालंय आणि शाळेत बोलायला दुसरं मोठं माणूसच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. तीन वर्षांनी कायम झाले. सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, तीन तालुके, पाच शाळा. वय ४६. अठ्ठावन्नपर्यंत अजून बारा वर्षं आहेत.

आत्ताची शाळा वाशिष्ठीच्या खाडीवरून चढून आलं की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर लागते. पहिली ते चौथी, पट ११. पदं दोन मंजूर, त्यातलं एक तीन वर्षं रिकामं. म्हणजे चार इयत्ता, अकरा मुलं आणि मी.

मुलांचा कंटाळा आलेला नाही, हे पहिल्यांदा सांगते. पगाराचीही तक्रार नाही. मला माझा परवाचा मंगळवार सांगायचाय.

सकाळी गेल्यावर पोषण आहाराचा तांदूळ मोजला. मुलामागे १०० ग्रॅम, अकरा हजर होती, १ किलो १०० ग्रॅम. साठा वहीत लिहिला, फोनमध्ये भरला. परिपाठ झाला. दुसरीतला एक मुलगा आहे, त्याचे वडील मुंबईला, आजीकडे राहतो. सहा महिने तो अक्षरं ओळखतो पण शब्द जुळत नाहीत. त्या दिवशी तो 'ओढा' शब्दावर अडला. मी विचारलं, तुमच्या घराखालून पावसाळ्यात काय वाहतं? म्हणाला, पऱ्या. मी म्हटलं, पुस्तकातला ओढा म्हणजे तुझा पऱ्या. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पुढची ओळ त्याने एका दमात वाचली. तिच्या पुढचीही वाचायला लागला.

तेवढ्यात फोन आला. एक तक्ता बारा वाजायच्या आत हवा, सगळ्या शाळांचा आला, तुमचाच राहिलाय. तक्त्यात तीच माहिती, जी मी जुलैत आणि सप्टेंबरात दिली होती, फक्त रकाने वेगळे. शाळेत रेंज नाही. सड्याच्या टोकाला, जुन्या चिरेखाणीच्या वरच्या अंगाला मिळते. चौथीतल्या मुलीला पहिलीच्या पोरांकडे बघायला सांगून मी तिथे गेले. उन्हात पाऊण तास उभी होते. आधी पान उघडेना, मग भरलेलं पुसलं गेलं, मग पुन्हा भरलं.

परत आले तर त्या मुलाने पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं होतं. मी म्हटलं, चल, पुढे वाचू. तो पहिल्या ओळीवर परत अडला. ज्यांनी लहान मुलांना वाचायला शिकवलंय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. त्या क्षणाची वाट सहा महिने बघितली होती आणि तो आला तेव्हा मी खाणीवर उभी होते.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. गोष्टीचं पुस्तक उघडून मुलांना गोल बसवलं की तिसरीतली एक मुलगी हल्ली विचारते, "बाई, आज फोटो नाही काढायचा?" फोटो नसेल तर वाचन खरं नाही, असं त्या पोरीला वाटतं. तिला तसं वाटायला मी लावलंय. प्रत्येक उपक्रमाचा फोटो पाठवायचा असतो, झाड लावलं तर झाडासकट, हात धुतले तर हातांसकट.

तर विचारायचं हे आहे. वीस-पंचवीस वर्षं शिकवून ज्यांनी आपणहून सोडलं त्यांनी नेमकं कशामुळे सोडलं? आणि सोडल्यावर कसं वाटतंय?

०

रातांबा
७ डिसेंबर, रात्री ११.२५

ताई, तुमची खाण वाचून मला आमचं टेकाड आठवलं. मी दापोली तालुक्यात होतो. २४ वर्षं केली, २०२३ ला सोडली. आता घरचं कोकम, थोडे काजू, आणि संध्याकाळी गावातल्या पाच-सहा मुलांना फुकट गणित.

माझ्याबाबतीत लोकांना वाटतं निसर्ग वादळानंतरच्या धावपळीने मी थकलो. उलट आहे. ३ जून २०२० ला शाळेचं छप्पर गेलं. पत्रे शेजारच्या बागेत, कपाटं भिजलेली, हजेरीपटांचा लगदा. गावात महिना-दीड महिना वीज नव्हती. त्यात कोरोना. माझ्या स्वतःच्या घरावर ताडपत्री होती. आम्ही चार गावकरी आणि मी, मिळून वासे उचलले, मुंबईकरांनी पैसे पाठवले, गणपतीच्या आत शाळेवर पत्रे चढवले. पुस्तकं माळ्यावर दोऱ्या बांधून वाळत घातली होती. त्या दिवसांत एकदाही मनात आलं नाही की सोडावं.

सोडलं ते तीन वर्षांनी, ज्या वर्षी ना वादळ आलं ना साथ. एक दिवस बोलावणं आलं, की त्या पत्र्यांची कागदपत्रं विहित नमुन्यात नाहीत. कोटेशन तीन का नाहीत, ठराव आधीच्या तारखेचा का नाही. वादळानंतर आठव्या दिवशी तीन कोटेशनं कुठून आणू? बाजारपेठेतली दुकानंच उघडी नव्हती. समोरचा मुलगा वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. तो वाईट बोलला नाही, त्याच्यापुढे नमुना होता आणि तो रकाने तपासत होता. पण खुर्चीच्या या बाजूला मी चोर ठरून बसलो होतो. त्या दिवशी एसटीतून घरी येताना ठरलं.

कामाने माणूस मोडत नाही हो. ज्या कामाला आपण जीव लावला त्याच कामाबद्दल आपल्यावर संशय आला की मोडतो. निदान मी मोडलो.

सोडल्यावर कसं वाटतंय म्हणाल, तर जून जड जातो. १५ जूनला शाळा उघडते तेव्हा मी बागेत खाली जाऊन बसतो, घंटेचा आवाज येणार नाही अशा ठिकाणी.

०

चाकरमानी_मुलुंड
८ डिसेंबर, सकाळी ७.१५

लोकलमधून लिहितोय. ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी.

माझा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली की मे अखेरीपर्यंत ना वेळ ना काळ. त्याला निवृत्तिवेतन नाही, रजा नाही. मी स्वतः ४८ व्या वर्षी कंपनी बंद पडल्यावर नवीन ठिकाणी निम्म्या पगारावर लागलोय. खाजगीतसुद्धा दर तासाचा हिशेब द्यावा लागतो. तक्ते आम्हीही भरतो. त्यामुळे तक्ते भरावे लागतात म्हणून नोकरी सोडते, हे गावच्या माणसाला पचणार नाही.

आणि मुख्य म्हणजे ती अकरा मुलं. माझी पुतणी अशाच शाळेत आहे. चार वर्षांत तीन शिक्षक बदलले. नवीन आले की पोरं महिनाभर गप्प, ओळख होते तोवर बदलीची यादी लागते. तुमच्यासारखी वीस वर्षं शिकवलेली बाई गेली तर त्या जागी कोण येणार हे मी सांगतो. कोणीच नाही. मग शेवटी पोरांना खालच्या गावात चार किलोमीटर पाठवायचं, नाहीतर इकडे मुंबईला चाळीच्या खोलीत आणायचं. घरं अशीच बंद झाली आमच्याकडची.

हे मनापासून लिहिलंय. टोमणा नाही.

०

सड्यावरची
८ डिसेंबर, रात्री ९.५०

दादा, राग नाही. तुमच्या पुतणीचं वाचून मी जेवताना थांबले.

अकरा मुलांचा विचार आला नाही असं नाही. त्यामुळेच अर्ज गेले दोन उन्हाळे कपाटात आहे. तुमचा भाऊ समुद्रावर जातो तेव्हा तो मासे पकडतो, थकून येतो ते मासे पकडून. मला तक्त्यांचा कंटाळा आहे असं नाही, तक्त्यांच्या वेळात माझं वाचायला शिकवायचं राहतं, ते सहन होत नाही. दिवसाअखेर थकलेली असते आणि शिकवलेलं काही नसतं. पगार घेताना लाज वाटायला लागली, हे पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

मी नऊ वर्षं बीएलओ होते. मतदार याद्यांचं काम. ते मी चांगलं केलं. आमच्याकडे वाडीत चाळीस घरं, त्यातली पंचवीस कुलूपबंद. माणसं मुंबईला, नावं दोन्हीकडे. गणपतीत घरं उघडली की दारोदार फिरायचं, लोक चहाला थांबवायचे. निवडणूक आणि जनगणना ही देशाची कामं आहेत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येही ती आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडूनच बाकीच्या अशैक्षणिक कामांना मनाई आहे. त्या कामांबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते रोजच्या 'तातडीचे'बद्दल. कलमात न बसणारं सगळं 'शैक्षणिक' म्हणून येतं.

०

कुडाळचे_निवृत्त_गुरुजी
९ डिसेंबर, दुपारी ३.०५

नातवाकडून टंकून घेतोय, चुका पोटात घाला.

मी १९७३ ला लागलो, २००९ ला निवृत्त. पहिली शाळा सह्याद्रीच्या पायथ्याला, एकशिक्षकी, पट ५२. पावसाळ्यात व्हाळ भरला की तीन-तीन दिवस मी पलीकडे अडकायचो. मुलांच्या घरीच जेवायचो. एका म्हातारीने नातीला हाताला धरून आणली होती, तिचं वाक्य अजून कानात आहे, "गुरुजी, ह्या चेडवाक शाळेत घ्या, घराकडे ऱ्हवान काय करतला तां?" ती मुलगी पुढे परिचारिका झाली.

तरुण मंडळींना वाटतं अशैक्षणिक कामं आत्ता सुरू झाली. तसं नाही. आणीबाणीत आम्हाला कुटुंब नियोजनाच्या केसेस, म्हणजे नसबंदीला माणसं आणायचं काम दिलं होतं. मास्तर येतोय म्हटल्यावर माणसं मागल्या दाराने रानात जायची. ज्यांच्या मुलांना शिकवायचं तेच आपल्याला बघून पळतात, यासारखं दुःख नाही. नंतर अल्पबचतीचं उद्दिष्ट आलं. पोलिओचे डोस, गुरांची गणती, सगळं केलं. तेव्हाही सोडून गेलेले लोक होते. कोणी बँकेत लागले, कोणी एलआयसीत. पण ते बहुतेक पाच वर्षांच्या आत जायचे. वीस वर्षं झालेला मास्तर सोडून जातो हे मी माझ्या नोकरीत फार क्वचित पाहिलं. आता माझ्याच विद्यार्थ्यांपैकी शिक्षक झालेले चारजण असे गेले. म्हणून हा धागा मी दोनदा वाचून घेतला.

फरक कुठे पडला याचा विचार करतो तेव्हा मला शेरेबुक आठवतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, साहेब यायचे. एसटी दिवसाला एकच, त्यामुळे मुक्काम. दिवसभर वर्गात बसायचे. मुलांना उभं करून वाचायला लावायचे, पाढे विचारायचे, फळ्यावर स्वतः एखादं गणित घालायचे. रात्री कंदिलाच्या उजेडात माझ्याशी बोलायचे, की तिसरीची भागाकाराची गाडी अडलीय, असं करून बघा. सकाळी शेरेबुकात चार ओळी लिहून जायचे. एकदा एका साहेबांनी फार कडक लिहिलं होतं. मला झोप आली नाही. पण ते बरोबर होतं आणि त्या माणसाने माझा वर्ग डोळ्यांनी पाहिला होता.

आताच्या पोरांचा वर्ग कोणी बघतच नाही, आणि तपासणी तर रोज होते. माझ्या सुनेचं बघतो ना. ती पण शिक्षिका. रात्री जेवण झाल्यावर फोन घेऊन बसते, कोणत्या गटावर काय आलंय बघते. बारा गट आहेत म्हणे. मी तिला एकदा विचारलं, गेल्या वर्षभरात कोणी तुझा धडा ऐकला का? म्हणाली, बाबा, मागच्या बाकावर पूर्ण तास कोणी बसलं त्याला सहा वर्षं झाली.

सड्यावरच्या बाई, तुम्ही 'ओढा' आणि 'पऱ्या' जोडलात ते कोणत्याही रकान्यात बसत नाही. आमच्याकडे त्यालाच व्हाळ म्हणतात. मी पस्तीस वर्षं हेच केलं, घरातली भाषा आणि पुस्तकातली भाषा यांच्यामध्ये साकव घातला. ते यायला मला पंधरा वर्षं लागली. बाई गेली की हे पण तिच्याबरोबर जातं, आणि पोर्टलवर फक्त एक पद रिक्त दिसतं.

सोडू नका असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मला नाही.

०

जांभा
९ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

गुरुजी, साष्टांग नमस्कार.

०

वऱ्हाडातून_आलेला
९ डिसेंबर, रात्री १०.१५

मी यवतमाळ जिल्ह्यातला. सिंधुदुर्गात १४ वर्षं काढली आणि आंतरजिल्हा बदलीने परत गावी आलो. आमच्यासारख्यांवर कोकणातले लोक नाराज असतात, की तुम्ही इथल्या जागेवर लागता आणि यादी लागली की निघून जाता. स्थानिक डीएडवाली मुलं उपोषणाला बसायची तेव्हा मान खाली घालून शाळेत जायचो. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

पण आमची बाजू ऐका. आई अर्धांगवायूने पडलेली, मी सव्वीस तासांवर. बायको मराठवाड्यात नोकरीला. मुलगा दोघांपैकी एकाकडे. मे आणि दिवाळी सोडून कुटुंब नाही. बदलीच्या रांगेत चौदा वर्षं. या काळात माझ्याबरोबर लागलेल्या तिघांनी राजीनामे दिले. एकाने तर गावी जाऊन कापसाची शेती धरली. ते शिक्षकी सोडून गेले असं नोंदवलं जाईल, पण सोडलं ते अंतर.

पहिली दोन वर्षं मला मुलांचं बोलणं कळायचं नाही. 'गडगा', 'खळा', 'मांगर', 'पाणंद'. एक मुलगी रोज सांगायची, खळ्यात होतंय, म्हणजे अंगणात होते, आणि मी समजायचो ही खेळात होती. चौथ्या वर्षी मी मालवणीत रागावायला शिकलो आणि पोरं माझी झाली. बाराव्या वर्षी गावातले लोक मला देवळाच्या बैठकीला बोलवायला लागले. आणि मग यादी लागली. निरोपाच्या दिवशी पोरांनी काजूच्या बिया पिशवीत भरून दिल्या. मी आनंदाने निघालो आणि फोंडाघाट चढेपर्यंत रडत होतो. इथे आता पुन्हा शून्यापासून आहे, आणि तिथे माझ्या जागी कोणी गेलेलं नाही.

अनुभवी शिक्षक गमावायचा हाही एक रस्ता आहे. नोकरीत राहूनही तो त्या गावाला गमावलेलाच असतो.

०

विनाअनुदानित
१० डिसेंबर, सकाळी ६.३०

सगळे जिल्हा परिषदेचं बोलताय म्हणून लिहितो. मी खाजगी माध्यमिक शाळेत, रत्नागिरी जिल्ह्यात, विज्ञान शिकवायचो. पहिली नऊ वर्षं पगार शून्य. संस्था सणाला काही हातावर ठेवायची. मग २० टक्के अनुदान आलं, मग ४०. टप्प्यासाठी आझाद मैदानात किती पावसाळे बसलो ते मोजत नाही आता. पहाटे होडीवर मासळी उतरवायला जायचो, अंघोळ करून शाळेत. मुलांना वास यायचा, ती काही बोलायची नाहीत, खिडकी उघडायची.

सतराव्या वर्षी सोडली. कारण सरळ आहे, मुलीच्या अकरावीची फी. आता हॉटेलचा हिशेब बघतो. माझ्याबाबतीत मन मोडणं, विश्वास वगैरे काही नाही. पोटाचा प्रश्न होता. हे कारण धाग्यात राहून गेलं असतं म्हणून नोंदवलं.

२०२५ च्या दहावीत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के. कोकणचं वेगळं विभागीय मंडळ झाल्यापासून दर वर्षी आपला विभाग राज्यात पहिला. निकालाच्या दिवशी गावोगाव पेढे वाटतात. त्या आकड्यामागे माझ्यासारख्या किती अर्धपगारी माणसांचे तास आहेत हे पेढा खाताना कोणी विचारत नाही.

०

कातळ
१० डिसेंबर, दुपारी १.२०

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा विषय कोणी काढला नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचंय, नाहीतर सक्तीने निवृत्ती. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा. सड्यावरच्या ताई, तुम्ही बारा वर्षंवाल्या, म्हणजे यात येता. स्वेच्छानिवृत्तीचं खरं कारण हे तर नाही ना? स्पष्ट विचारतो, कारण आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, या निकालानंतर तिघांनी चौकशी सुरू केलीय.

०

सड्यावरची
१० डिसेंबर, रात्री १०.३०

कातळ, बरं केलंत विचारलंत. आमचे हेही तेच म्हणाले, की आत्ता अर्ज दिलास तर गाव म्हणेल बाई परीक्षेला घाबरली.

पहिला अर्ज मी एप्रिल २०२४ मध्ये लिहिला होता. त्या मार्चमध्ये संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायचा नवा शासन निर्णय आला आणि वीसच्या आतल्या शाळांचं काय होणार याची चर्चा केंद्रात सुरू झाली. तेव्हापासून माझी शाळा ही शाळा राहिली नाही, ती 'कमी पटाची' झाली. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, पट किती? अकरा म्हटलं की समोरचा हसतो किंवा हळहळतो. अकरापैकी सातजण स्वतःहून वाचतात, हे विचारणारा भेटला नाही. पट कमी आहे तो माझ्यामुळे नाही, वाडीत लग्न झालेली तरुण जोडपी तीन उरलीत.

परीक्षेला मी बसू शकते. पुस्तकंही आणली होती. बालमानसशास्त्राचा भाग वाचताना वाटलं, हे तर मला माहीत आहे, फक्त याला इतकी जड नावं आहेत हे माहीत नव्हतं. पास होईनही. पण चोवीस वर्षांनंतर 'तुम्ही शिक्षक आहात का' हे चार पर्यायांतून सिद्ध करताना ते मंगळवारचं पोरगं आठवत राहतं. कायदा गुणवत्तेसाठी आहे, त्या हेतूबद्दल मला आदर आहे. माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे.

०

समिती_सदस्य_आई
११ डिसेंबर, दुपारी २.४५

मी शिक्षिका नाही. राजापूरकडची. आमच्या वाडीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे.

आमच्या बाई गेल्या वर्षी नोकरी सोडून गेल्या. एकवीस वर्षं याच पंचक्रोशीत होत्या. माझ्या धाकट्या दिराला शिकवलं आणि माझ्या मुलालाही. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. एक दिवस निरोप समारंभाची पत्रिका आली. आम्ही साडी दिली, नारळ दिला, भाषणं झाली. आता हे सगळं वाचतेय आणि वाटतंय, आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही की बाई, तुमचं काय चाललंय. दर महिन्याच्या सभेत आम्ही इतिवृत्तावर सह्या करायचो आणि चहा पिऊन उठायचो. त्या खोलीत त्या एकट्याच कागद लिहीत बसलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, मास्तरांचं कामच ते.

त्या गेल्यावर दुसऱ्या शाळेतले एक सर आठवड्यातले तीन दिवस यायचे. तीन दिवस म्हणजे सांगायला. माझा मुलगा बाईंच्या वेळी गोष्ट सांगायचा घरी येऊन, आता फक्त सांगतो, आज सर आले, आज नाही आले.

रातांबा दादा, तुमच्या गावच्या लोकांनी वासे उचलले. पत्रे उचलणं आम्हाला दिसतं आणि जमतं. तक्ते आम्हाला दिसले नाहीत. वाडीत दोन मुली पदवीधर घरी बसलेल्या आहेत, त्यांनी दुपारी तासभर येऊन माहिती भरून दिली असती की. कोणी मागितलंच नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

०

रातांबा
११ डिसेंबर, सायंकाळी ७.३०

वहिनी, मागायला पाहिजे होतं, हे खरं. आम्ही मास्तर लोक गावाकडे देणगी मागतो, श्रमदान मागतो, पण मला जमत नाही असं म्हणत नाही. माझ्या बाबतीत तो मीपणाही होताच. गावात गुरुजी म्हणतात, मग त्या नावाला जपत बसायचं.

सड्यावरच्या ताई, एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज देण्याआधी सेवापुस्तक स्वतः पान न् पान बघा. बदल्यांच्या काळातल्या नोंदी, वरिष्ठ श्रेणीची नोंद, रजेचा हिशेब. माझं एक पान २००८ पासून सही नसलेलं निघालं आणि ती सही करणारे साहेब कधीच निवृत्त झाले होते. निवृत्तिवेतन सुरू व्हायला सात महिने गेले. अर्ज दिल्यावर धावण्यापेक्षा आत्ताच बघा.

०

चाकरमानी_मुलुंड
१२ डिसेंबर, रात्री ८.५५

चार दिवस धागा वाचतोय. ताई, माझा पहिला प्रतिसाद खोडत नाही, पण 'मासे पकडून थकतो' हे वाक्य भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, जाळं टाकायच्या वेळी कोणी वायरलेसवर बोलवत राहिलं तर मी पण नोकरी सोडीन.

शाळा चालू असताना एकदा पुतणीच्या शाळेत आठवडाभर बसणार आहे. कंपनीत हेच तक्त्यांचं काम करतो, काय भरायचं असतं ते बघतो तरी.

०

नवीन_शिक्षणसेवक
१२ डिसेंबर, रात्री ११.४०

सर्वांना नमस्कार. मी याच वर्षी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागले. चिपळूण तालुक्यात, १६ हजार मानधन. मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. हा धागा वाचून आधी घाबरले, खोटं कशाला बोलू. ज्या नोकरीसाठी पाच वर्षं परीक्षा देत होते ती लोक सोडून चाललेत.

माझ्याकडे पहिली-दुसरी आहे. पहिलीतली मुलं बोलतात ते मला निम्मं कळतं. पुस्तकातलं 'अंगण' त्यांना कळत नाही. वऱ्हाडातून आलेल्या सरांनी लिहिलंय की त्यांना चार वर्षं लागली. मला चार वर्षं थांबायचं नाहीये, आत्ता जी पहिलीत आहेत ती तोवर पाचवीत जातील.

सड्यावरच्या मॅडम, तुम्ही हे ओढा-पऱ्याचं कसं करता? कुठे लिहून ठेवलंय का? असेल तर मला बघायला मिळेल का?

०

सड्यावरची
१३ डिसेंबर, दुपारी १२.५०

बाळ, तुझा प्रतिसाद आत्ता शाळा सुटल्यावर वाचला.

लिहून ठेवलंय. दोनशे पानी तीन वह्या आहेत, पहिली २००४ ची. डावीकडे मुलाच्या तोंडचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला, आणि मध्ये तो शब्द कोणत्या मुलाने कशावरून सांगितला ते. अंगणाला खळं, कुंपणाला गडगा, पावसाच्या पाण्याची छपरावरून पडणारी धार म्हणजे पागोळी. खाडीकाठच्या मुलांचे शब्द वेगळे, सड्यावरच्यांचे वेगळे, धनगरवाडीतल्या मुलांचे तर अगदीच वेगळे, त्यांची वही स्वतंत्र आहे. काही पानांवर कोणता धडा कोणत्या महिन्यात घ्यायचा तेही आहे. भाताचा धडा पुस्तकात नंतर येतो, पण तो जुलैत लावणी चालू असताना घेतला तर पोरंच शिकवतात, आपण फक्त फळ्यावर लिहायचं. दुसऱ्या वहीची शेवटची वीस-एक पानं भिजून चिकटलीत, तेवढी मी पुन्हा लिहून देते. आठवतात.

या वह्या कोणाला द्यायच्या हे गेले दोन उन्हाळे कळत नव्हतं. माझ्या जागी कोणाची नेमणूक होईल का, झाली तर कधी, याचं उत्तर कुठे मिळत नाही. कपाटात अर्जाखालीच ठेवल्यात.

बाकीच्यांनाही सांगते, अर्ज जानेवारीत देणार आहे. ठरलंय. चाकरमानी दादांचं ओझं मनावर आहे आणि ते राहील. समितीतल्या वहिनींचं वाचून काल मी आमच्या वाडीतल्या एका मुलीला बोलावलं, बीकॉम झालेली आहे, ती सोमवारपासून दुपारी येणार आहे. एप्रिलपर्यंत ते तक्त्यांचं बघेल आणि मी त्या दुसरीतल्या मुलाला घेऊन बसेन. चार महिने आहेत, तेवढ्यात तो वाचायला लागेल.

तू पुढच्या शनिवारी ये. सकाळची शाळा असते, साडेसातला. लवकर आलीस तर पहिलीचा तास बघायला मिळेल, मागच्या बाजूला बस. चिपळूणहून पहाटेची गाडी धर, फाट्यावर उतर. तिथून चढायला वीस मिनिटं लागतात. पऱ्याच्या साकवावरून येऊ नकोस, त्याची मधली फळी पावसात गेलीय. डांबरी रस्त्यानेच ये, आणि वह्यांसाठी मोठी पिशवी आण.